भत्ता हुद्द्याला नको, वाटेला द्या

मी जुन्नरला राहते आणि आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत उर्दू-मराठी शिकवते. सकाळी जुन्नर स्टँड, नारायणगावला गाडी बदलायची, मग मंचरच्या दिशेने. रस्ता पुणे-नाशिक महामार्गाचा, गाड्या भरपूर, आणि मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. मला दरमहा 1,350 रुपये वाहतूक भत्ता मिळतो. माझी तक्रार नाही.

बीएडला माझ्यासोबत असलेली एक मैत्रीण याच तालुक्यात पश्चिमेला, आहुप्याच्या बाजूला शिकवते. ती घोडेगावला खोली घेऊन राहते. डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत घाटाकडे जायचं. एसटी चुकली की जीप, आणि जीपवाला काही अर्धं भाडं घेत नाही. जीप भरली नाही तर थांबायचं, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचं. पावसाळ्यात धुकं आणि दरडीची धास्ती. तिलाही 1,350 रुपयेच.

आता पुणे शहरात आमच्याच श्रेणीतला कर्मचारी बघा. दारातून पीएमपीची बस, वर मेट्रो. त्याला 2,700.

हे कुणा कारकुनाच्या चुकीने झालेलं नाही, नियमच तसा आहे. एप्रिल 2022 पासूनच्या दरांनुसार बृहन्मुंबई, पुणे आणि नागपूर एका बाजूला, बाकी सगळा महाराष्ट्र दुसऱ्या बाजूला. वरच्या श्रेणीला शहरात 5,400, इतरत्र 2,700. मधल्या श्रेणीला 2,700 आणि 1,350. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या नव्या शिपायाला 1,000 आणि 675. म्हणजे भत्ता ठरतो तो शहराच्या नावावर आणि माणसाच्या हुद्द्यावर. किती किलोमीटर, कसला रस्ता, गाडी आहे की नाही, हे कुणी विचारतच नाही. साहेबांना आणि शिपायाला एकाच डोंगरावर जायचं असेल तर जीपवाला दोघांकडून सारखंच भाडं घेतो. सरकार मात्र शिपायाला साहेबांच्या चौथाई देतं. नाव वाहतूक भत्ता, आणि वाहतुकीशी त्याचा संबंध एवढाच!

त्याहून वाईट अवस्था शिक्षणसेवकांची. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला 2023 पासून महिना 16,000 रुपये ठोक मानधन आहे. भत्ता शून्य. पहिली नेमणूक आडगावात मिळाली, तर त्याने तीन वर्षं प्रवास पोटाला चिमटा काढून करायचा.

यावर लगेच उत्तर येतं, "मग गावातच राहा ना, घरभाडं घेता की!" 2022 च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हाच मुद्दा मांडला आणि शिक्षक चिडून रस्त्यावर उतरले. मीही तेव्हा चिडले होते. आज सांगते, मुद्दा अगदीच खोटा नव्हता. मुख्यालयी राहण्याची अट आहे, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागायचा आदेशही 2019 पासून आहे. आणि आम्ही काय करतो? कागद जोडतो. मी स्वतः पूर्वीच्या एका गावात राहत नसताना, राहते असं लिहून दिलं आहे. अब्बा हिशेबाला कडक होते. पगारातला एक रुपया खोटा निघाला तर घरातली भाकरी हलाल राहत नाही, असं म्हणायचे. ती सही करताना मला त्यांची आठवण आली होती. तरी सही केली.

का केली? गावात भाड्याची खोली नव्हती, सरकारी निवासस्थान नव्हतं, माझ्या लेकरांना पुढची शाळा नव्हती. घर नाही, तरी घरभाडं मिळतं. रस्ता आहे, पण त्याचा पुरता खर्च मिळत नाही. म्हणून माणूस घरभाड्यातून जीपचं भाडं भागवतो आणि वर खोटारडा ठरतो. सरकारला हे माहीत नाही असं कुणी म्हणू नये.

30 जुलै 2014 ला आंबेगावातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. 151 माणसं गेली. ती बातमी बाहेर आली ती एसटीच्या एका चालकामुळे. नेहमीच्या फेरीला गेला, तर समोर गावच नाही! डोंगरातल्या गावांचा जगाशी धागा असतो तो अशा रोज ये-जा करणाऱ्या माणसाचा: चालक, शिक्षक, नर्स, तलाठी. त्याचा प्रवास ही त्याची हौस नाही, तेच त्याचं काम आहे.

म्हणून आमच्या संघटनांना माझं सांगणं आहे. "सर्वांना सरसकट वाढ द्या" ही घोषणा बंद करा. सरसकट वाढीत महामार्गावरची मी फुकट फायद्यात राहते आणि डोंगरातली माझी मैत्रीण तिथेच राहते. मागायचंच असेल तर हे मागा: भत्ता अंतराच्या टप्प्यांवर द्या. जिथे एसटी जात नाही तिथे जादा द्या. हुद्द्याचा फरक काढून टाका. शिक्षणसेवकालाही द्या. आणि जो जिथे खरोखर राहतो तिथलाच पत्ता लिहू द्या, घरभाडंही त्यावरच ठरवा.

यात काहींचा भत्ता कमी होईल. कदाचित माझाही होईल. चालेल. त्या बदल्यात खोटी सही करावी लागणार नसेल, तर हा सौदा मला महाग वाटत नाही.