कुंचला दुसऱ्याच्या हाती किती दिवस ठेवायचा?



वर्सोव्याच्या आमच्या वस्तीत एक मुलगी आहे. आई यारी रोडच्या इमारतींत धुणीभांडी करते, वडील रिक्षा चालवतात. मुलगी बारावीला आहे. मिळेल त्या कागदावर ती चित्रं काढते. वहीचं मागचं पान, मिठाईचं खोकं, लग्नपत्रिकेची कोरी बाजू, काहीही चालतं. कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील, नळावरची भांडणं, वंदना चालू असताना विहारात डुलकी घेणारी आजी, सगळं तिच्या कागदावर आहे.

इंटरमिजिएट परीक्षेत तिला ए ग्रेड मिळाली. त्याचे 7 वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले गेले, तेव्हा घरात पेढे वाटले. आता तीच चित्रकला पुढे शिकायची, बीएफएची सीईटी द्यायची म्हटल्यावर घरात रडारड सुरू झाली. मामा म्हणाले, एमपीएससी कर. आई आमच्याकडे आली. "तुम्हीच समजवा हिला. चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?"

आणि आम्ही समजवलं. 'आधी नोकरी बघ, चित्रं काय, नंतरही काढता येतील,' असं आम्ही तिला सांगितलं. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, चळवळीत राबणाऱ्या आम्ही हे सांगितलं. ती काही बोलली नाही, वही मिटून निघून गेली. हा लेख त्या चुकीची कबुली आहे, आणि चूक फक्त आमची नाही म्हणून तो इथे लिहितो आहोत.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं. आपण त्याचा अर्थ करून ठेवला अधिकारी व्हा, इंजिनिअर व्हा. एका पिढीपुरतं ते बरोबर होतं. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसाला आधी पगार हवा होता. पण 'शिका' म्हणजे फक्त पगार नव्हे. आपली प्रतिमा कोण रंगवतो, हासुद्धा सत्तेचाच प्रश्न आहे.

2012 चा मे महिना आठवा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचं 1949 सालचं व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि त्यांच्या मागे चाबूक उगारलेले नेहरू. आपण संतापलो, संसद दणाणली, चित्र काढून टाकण्याची घोषणा झाली. पण त्यानंतर किती मंडळांनी ठरवलं की आपल्या वस्तीतून एक तरी व्यंगचित्रकार घडवू? संशोधक उन्नमती श्याम सुंदर यांनी 1932 ते 1956 या काळात बाबासाहेबांवर काढलेली शंभराहून जास्त व्यंगचित्रं जमवून 2019 साली त्यांचं पुस्तक केलं. ती चाळली की कळतं, कुंचला दुसऱ्याच्या हाती असला की आपला महामानवही कसा दिसतो.

कला आपल्याला परकी नाही, ती परकी केली गेली. आपल्या आज्या-पणज्यांनी दोर वळले, चामडं कमावलं, झाडू-टोपल्या विणल्या, हलगीवर कातडं चढवलं. त्याला 'काम' म्हटलं गेलं, तेही हलकं काम. हाताने घडवणारा खाली आणि घडवलेलं बघून दाद देणारा वर, ही विभागणी जातीचीच आहे. गॅलरीतली 'गुणवत्ता' तिथूनच आली.

जे.जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करून घेतल्या. म्हणजे मुंबईची चित्रकला बुद्धाच्या भिंतीसमोर बसून शिकली. आणि आज बुद्धाला शरण गेलेल्या घरातल्या मुलीला वाटतं, जे.जे. आपल्यासाठी नाही!

वाट नाही असंही नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू कॅनव्हासवर आणला. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढून शहराला त्याची घाण दाखवली, 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विक्रोळीचे विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीचा इतिहास रंगवत आहेत. ही माणसं चळवळीबाहेरची आहेत का?

पोटाचा प्रश्न खोटा नाही. त्या आईची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण ही भीती व्यवस्थेने घातली आहे. शिक्षणहक्क कायदाच बघा. सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षक द्या, पण अर्धवेळ, असं तो सांगतो. फ्लॅटमधलं पोर क्लास लावून सीईटीची तयारी करतं. आपल्या पोराला शाळेतला अर्धवेळ शिक्षकही भेटेल याची खात्री नसते. शिष्यवृत्तीने फी भागेलही, रंग-कागद कुठून आणायचे? आणि वर्सोव्यात काम नाही म्हणता? सिनेमा-मालिकांची ऑफिसं इथे गल्लोगल्ली आहेत. सेटला रंग लावायला आपली पोरं चालतात, मग सेट कसा दिसावा हे ठरवायला का चालू नयेत?

म्हणून आमचं मागणं आधी आपल्याच मंडळांकडे आहे. 14 एप्रिलच्या वर्गणीतला डीजेचा खर्च निम्मा करा, उरलेल्या पैशांत वस्तीतल्या दोन मुलांचे वर्षभराचे रंग, कागद आणि सीईटीची फी बसवा. रविवारी वंदनेनंतर दोन तास विहार चित्रांसाठी उघडा ठेवा. जयंतीचा देखावा पोरांकडून फुकट करून घेऊ नका, मोबदला द्या. आणि पूर्णवेळ कलाशिक्षकाची मागणी निवेदनात फीमाफीच्या शेजारी लिहा.

आम्ही काल त्या मुलीच्या घरी परत गेलो. आईसमोर सांगितलं, आमचं चुकलं. आई अजून राजी नाही. तिने एकच विचारलं, "उद्या काही झालं तर तुम्ही उभे राहाल?"

आम्ही हो म्हटलं आहे. ते एकट्याने निभावणारं नाही. तुम्ही उभे राहाल?

जय भीम! नमो बुद्धाय!