पंडितांची सहा अजिंक्यपदे आणि परभणीचे मैदान

कोलकाता नाइट रायडर्स या धनाढ्य संघाचा आणि त्याचे मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचा संबंध जुलै २०२५ मध्ये संपुष्टात आला. याच संघाने २०२४ साली विजेतेपद पटकावले होते. पुढच्याच हंगामात तो आठव्या स्थानावर घसरला आणि प्रशिक्षक निरोप घेऊन चालते झाले. व्यावसायिक प्रशिक्षकाचा हिशेब असाच रोखठोक असतो. तथापि पंडितांच्या दोन दशकांहून अधिक काळच्या कारकिर्दीचे मोल त्या झगमगाटी स्पर्धेत शोधण्याचे कारण नाही. ते रणजी करंडकाच्या मैदानांवर शोधावे लागेल. आणि ते शोधताना परभणीसारख्या जिल्ह्याने काही प्रश्न स्वतःलाही विचारावे लागतील.

खेळाडू म्हणून पंडितांच्या वाट्याला पाच कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी सहा वेळा रणजी करंडक जिंकून दाखविला. २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ या तीन हंगामांत मुंबई, २०१७-१८ व २०१८-१९ मध्ये विदर्भ आणि २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेश. मुंबईच्या यशाचे कौतुक बेताने करावे, कारण त्या संघाला करंडकाची सवयच आहे. विदर्भाचे तसे नव्हते. १९५७-५८ पासून रणजीत खेळणाऱ्या या संघाने साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी पाहिली नव्हती. २०१७ साली मुंबईने पंडितांना दूर केले, विदर्भाने बोलावले आणि पहिल्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव झाला. रजनीश गुरबाणीने त्या सामन्यात सलग तीन बळी घेतले. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्र हरला.

मध्य प्रदेशची कथा तर अधिक हृद्य. १९९८-९९ चा अंतिम सामना पंडित याच संघाचे कर्णधार म्हणून बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाकडून हरले होते. तेवीस वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच मैदानावर त्यांच्या हाताखालच्या मुलांनी मुंबईला सहा गडी राखून नमविले, तेव्हा या कडक शिस्तीच्या गृहस्थांना अश्रू आवरले नाहीत.

अशा वेळी आपल्याकडे लगेच ‘परीसस्पर्शा’ची भाषा सुरू होते. ती भाषा फसवी आहे. पंडित नागपुरात आले तेव्हा तेथे काय होते? विदर्भ क्रिकेट संघटनेने पंडितांच्या आगमनापूर्वीच निवासी अकादमी उभारून लहान वयापासून मुले घडविण्याचा क्रम लावून दिला होता. जामठ्याचे मैदान होते. वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज बाहेरून आणलेला होता, उमेश यादवसारखा घरचा वेगवान गोलंदाज होता. पंडितांनी या सामग्रीला शिस्त दिली आणि आपण जिंकू शकतो हा विश्वास दिला. हे कार्य थोर आहे, पण सामग्री त्यांनी निर्माण केलेली नव्हती. पंडित गेल्यानंतर २०२३-२४ मध्ये विदर्भ अंतिम सामन्यात पोचला व मुंबईकडून हरला, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर त्याने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. माणूस गेला, व्यवस्था राहिली. उलट कोलकात्यात तीच शिस्त तयार झालेल्या, मानधनाने मोठ्या झालेल्या खेळाडूंना जाचक वाटली. तसे एका परदेशी खेळाडूने उघड बोलूनही दाखविले.

आता परभणीकडे वळू. परभणी जिल्हा क्रिकेटच्या नकाशात पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतो. या संघटनेच्या संघाने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ साली, प्रा. दि. ब. देवधरांच्या काळात. त्या वेळी परभणीवर निजामाचे राज्य होते! म्हणजे महाराष्ट्राचे अजिंक्यपद परभणीकरांनी आपले म्हणून कधी पाहिलेलेच नाही. नंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीनदा घास तोंडाशी येऊन गेला.

मुले नाहीत, असे कोणी म्हणू नये. शेजारच्या जालन्याच्या विजय झोलने १९ वर्षांखालील गटात नाबाद ४५१ धावा काढल्या आणि २०१४ च्या विश्वचषकात त्या गटाच्या भारतीय संघाचे नेतृत्व केले. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विश्वविजेत्या युवा संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले. त्याच बीडला जन्मलेल्या संजय बांगर यांना मागल्या पिढीत रणजीत नाव कमावण्यासाठी रेल्वेचा संघ धरावा लागला होता. पुढे तेच भारतीय संघाचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. क्रिकेटबाहेर पाहायचे तर खुद्द परभणीच्या ज्योती गवते हिने २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला. पीक येते आहे. परंतु ते कोरडवाहू पीक आहे. पाऊस पडला तर पडला. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही जुनी म्हण आम्ही हसण्यावारी नेतो, पण आमच्या खेळाडूंच्या बाबतीत ती अजून खरी आहे.

येथे पंडितांच्या कारकिर्दीचा उगम ध्यानात घ्यावा. ते शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकरांच्या तालमीत तयार झाले. आचरेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. प्रशिक्षण हे त्यांचे पोट भरण्याचे साधन नव्हते. तेंडुलकर, कांबळी, अमरे, आगरकर अशी रांग त्यांच्या जाळ्यातून बाहेर पडली. द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना १९९० मध्ये आणि पद्मश्री २०१० मध्ये मिळाली. बँकेची नोकरी आणि पार्कची हिरवळ यांच्या आधारावर मुंबईत एक मोठा गुरू उभा राहिला. परभणीत, सेलूत, गंगाखेडला ही भूमिका शाळेचा क्रीडाशिक्षक पार पाडतो, तेही तासिका, परीक्षा आणि निवडणुकीच्या कामातून वेळ काढून. व्यावसायिक प्रशिक्षकाची कीर्ती व धन सर्व शिखरावर साचते, आणि पायथ्याशी मूल हेरणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच पडत नाही.

यावर नामवंत प्रशिक्षकाला आठ दिवसांच्या शिबिरासाठी आणून हारतुरे घालण्याचा उपाय सुचविला जातो. त्याने छायाचित्रे चांगली निघतात. आमच्या मते मागणी वेगळी असावी. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला भारतीय मंडळाकडून निधी मिळतो. २०२३ पासून ती स्वतःची महाराष्ट्र प्रीमियर लीगही भरविते. तिने मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्यात बाराही महिने पगार घेणारा एक प्रशिक्षक नेमावा आणि त्याच्या हाती एक बरी खेळपट्टी द्यावी. शासनाच्या तालुका क्रीडा संकुलांनाही नुसत्या भिंतींऐवजी शिकविणारा माणूस हवा. कृषी विद्यापीठ १९७२ साली परभणीस आले, ते केवळ व्याख्याने देऊन परत गेले नाही. वाण याच मातीत वर्षानुवर्षे पेरून पाहिले गेले, म्हणून ‘परभणी मोती’सारखी ज्वारी शेतकऱ्याच्या हाती आली.

पुण्याच्या निवड चाचणीला परभणीचा चौदा वर्षांचा मुलगा रात्रीच्या गाडीने निघतो आणि सकाळी झोपाळलेल्या डोळ्यांनी पॅड बांधतो. त्याच्या शेजारी उभा असलेला पुण्याचा मुलगा घरी झोपून आलेला असतो. पंडितांसारख्या प्रशिक्षकाच्या दृष्टीस यांपैकी कोण पडायचा, हे बहुतेक वेळा त्या सकाळीच ठरून जाते.