पाहुणे गुरुजी

परीक्षा संपल्या, सुट्या जवळ आल्या, की आपल्याकडे एक सूचना हमखास ऐकू येते. तरुण-तरुणींचा एक गट आदिवासी पाड्यावरील शाळेत पंधरा दिवस 'सेवाभावी शिक्षक' म्हणून जाणार आहे. इच्छुकांनी नावे द्यावीत. नावे दिली जातात, वह्या-पेन्सिली गोळा होतात, निरोप-समारंभ होतो आणि मंडळी परतली की छायाचित्रांचा फलक लागतो. मे महिन्यात तर त्या शाळेला कुलूप असते आणि शिकविण्यासाठी मुले गोळा करून आणावी लागतात, याचेही कोणाला नवल वाटत नाही. या तरुणांच्या हेतूविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. तरीही या प्रथेला आमचा विरोध आहे आणि तो आम्ही आज स्पष्ट शब्दांत मांडू इच्छितो.

हा विरोध आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर शाळा उघडताच, आम्ही काही मित्र जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर असेच पंधरा दिवस शिकवावयास गेलो होतो. चार इयत्ता आणि त्यांना मिळून एकच गुरुजी. त्यांनी मोठ्या मनाने वर्ग आमच्या हवाली केला. पहिल्याच दिवशी दुसरीतला एक मुलगा जवळ आला आणि त्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही किती दिवसांचे?" आम्ही हसलो. त्या प्रश्नात आमच्यापूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्यांचा सारा हिशेब होता, हे आमच्या ध्यानात आले नाही.

आमचे पुस्तकी मराठी पहिलीच्या मुलांना कळत नव्हते. चौथीतली एक मुलगी त्यांना आमचे बोलणे वारलीत समजावून सांगत असे. वास्तविक त्या वर्गाची शिक्षिका तीच होती. आम्ही गाणी शिकविली, खेळ घेतले. दरम्यान पट मात्र रोज रोडावत होता. आम्हांला वाटले, आमचे शिकविणे कंटाळवाणे असावे. निघताना गुरुजींनी कारण सांगितले. भात कापून झाले होते. कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर कामाला निघाली होती. कोठे? वसईकडे, भिवंडीकडे. म्हणजे ज्या मुलांना शिकविण्यासाठी आम्ही घाट चढून गेलो, ती मुले आमच्याच दाराशी उतरून आली होती!

आता थोडा हिशेब मांडू. २००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन बंधनकारक केले आहे. त्या २०० दिवसांपैकी आमचे पंधरा. तेवढ्यात मूल अक्षर शिकत नाही. फार तर आमचे नाव शिकते. लहान मूल ओळखीच्या माणसाच्या हाताला धरून वाचावयास लागते. ओळख होते न होते तोच तो हात सुटला, तर पुढच्या वेळी ते हात पुढे करताना कचरते. हा तोटा कोणत्याही अहवालात दिसत नाही, म्हणून तो नाही असे समजण्याचे कारण नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: "काहीच नसण्यापेक्षा हे बरे." आम्हांला हे मान्य नाही. 'काहीच नाही' अशी स्थिती तेथे नसते. तेथे एक थकलेला शिक्षक असतो, त्याची बसलेली घडी असते आणि आम्ही ती विस्कटून परततो. शिवाय फुकट माणसे मिळत राहिली, की रिकामी जागा भरण्याची निकड कोणालाच उरत नाही. मुलांचा जो हक्क आहे, तो आमच्या औदार्यावर सोपविला जातो. हक्काची जागा दानाने घेणे ही सेवा नव्हे.

सेवा कशी असते, हे पाहावयास फार दूर जाण्याची गरज नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तब्बल ४७ वर्षे, या कार्यापासून दूर झाल्या नाहीत. बोर्डीहून पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुले गुरे राखावयास जातात, तेव्हा शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मुलाच्या दिवसाप्रमाणे त्यांनी आपला दिवस बदलला. आम्ही मात्र आमच्या सुट्यांप्रमाणे मुलाचे वर्ष बदलू पाहतो.

त्याच अंगणवाडीचे नाव पुढे देशभर गेले. आज गावोगावची अंगणवाडी सेविका मानधनावर राबते. शासनाच्या लेखी ती वर्षानुवर्षे 'मानसेवी'च राहिली. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगावयास सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. वर्षभर राबणाऱ्या या सेविकेचे छायाचित्र आपण कोणत्या फलकावर लावले आहे?

तेव्हा आमचे म्हणणे असे. ज्यांना पाड्यावर जावयाचे आहे, त्यांनी जूनमध्ये शाळेची घंटा होण्यापूर्वी जावे आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर परतावे. वर्षाहून कमी मुदतीचे नाव नोंदवूच नये. तेथील शिक्षकाच्या जागी नव्हे, तर त्याच्या हाताखाली काम करावे. आणि शिकविण्यापूर्वी तेथील बोली शिकून घ्यावी. ती शिकविण्यास चौथीतली मुलगी समर्थ आहे.

ज्यांना वर्ष देता येत नाही, त्यांच्यासाठी वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर पावसाळ्यापर्यंत ती मुले आपल्या शेजारी, भट्टीवरच्या भोंग्यांत, म्हणजे मजुरांच्या खोपटांत राहतात. १९९०च्या दशकात विधायक संसदेने तेथेच भोंगाशाळा चालवून दाखविल्या आहेत. वाट नवी पाडावयाची नाही. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची वाण नाही. रोज सायंकाळी एक तास, सहा-सात महिने, न चुकता एवढे पुरे. त्यासाठी निरोप-समारंभ नको, फलक नको. आपल्या घरांच्या भिंती ज्या हातांनी थापलेल्या विटांच्या आहेत, त्या हातांत पाटी देणे हे उपकार नव्हेत. ती उशिराची परतफेड आहे.

वाचकहो, पुढची सूचना ऐकाल आणि नाव देण्यास उठाल, तेव्हा त्या दुसरीतल्या मुलाचा प्रश्न आधी स्वतःला विचारा. "तुम्ही किती दिवसांचे?" आम्हांला त्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. यंदाच्या दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन ते देण्याचा आमचा विचार आहे. सोबत कोण येणार?