काडी पेटली म्हणून मध खरा का?



गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. दारावर घेतलेला मध थंडीत बाटलीच्या तळाशी रवाळ बसला. सासूबाई म्हणाल्या, ‘साखरेचा पाक दिलाय तुला, फसलीस!’ आता तो मध टाकून द्यायचा का, आणि खरा मध घरी ओळखायचा तरी कसा, असं त्या विचारतात.

हे पत्र वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण ह्याच सदरात मी पूर्वी तुम्हाला दोन युक्त्या सांगितल्या होत्या. ग्लासभर पाण्यात मधाचा थेंब सोडा, तळाशी तसाच गेला तर खरा. कापसाची वात मधात बुडवून काडी लावा, पेटली तर खरा. आज सांगते, त्या दोन्ही युक्त्या विसरा. थेंब तळाशी जातो तो दाटपणामुळे. तांदळापासून केलेला दाट पाकही तसाच तळाशी जातो. वात पेटते ती मधात पाणी कमी असलं म्हणून, आणि पाकातही पाणी कमी ठेवता येतंच की! आपल्या परीक्षेत खोटा मध पहिल्या वर्गात पास होतो, आणि ओलसर हवेत काढलेला खरा मध मात्र नापास.

मी नुसतं सांगून थांबले नव्हते हो. दरवर्षी घाटावरून एक बाई आमच्याकडे मध घेऊन यायच्या. एका वर्षी त्यांचा मध बसला. पुढच्या खेपेला मी जिन्यातच त्यांना म्हटलं, ‘मावशी, साखर घातलीत ना?’ त्या म्हणाल्या, ‘थंडीनं गोठलाय वो ताई. कोमट पाण्यात ठेवा, सुटंल.’ मी ऐकलं नाही. शेजारच्या चौघींनाही सांगून टाकलं. पुढच्या वर्षीपासून त्या आमच्या गल्लीत फिरकल्या नाहीत. मधात ग्लुकोज जास्त असलं की तो थंडीत बसतोच, मोहरीच्या फुलांचा तर फार लवकर, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं.

मग खरं-खोटं कळतं कशानं? त्यासाठी एक यंत्र आहे, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, थोडक्यात एनएमआर. ‘न्यूक्लिअर’ शब्दाला घाबरू नका, ह्यात किरणोत्सर्ग नाही. दवाखान्यात एमआरआय काढतात ना, त्याची ही थोरली बहीण. अमेरिकेत ब्लॉक आणि पर्सेल ह्या दोघांनी १९४५-४६ च्या सुमारास हे तत्त्व दाखवलं आणि १९५२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

माठ घेताना आपण बोटानं वाजवून पाहतो. आवाजावरून कळतं, पक्का भाजलाय की तडा आहे. हे यंत्र तेच करतं. तेल, मध, दूध, कॉफी, सगळ्यात हायड्रोजनचे अणू असतात आणि प्रत्येकाचं केंद्र म्हणजे एक इवलंसं लोहचुंबक. मोठ्या चुंबकात ठेवून त्यांना रेडिओलहरींची टिचकी मारली की ते आपापल्या सुरात उत्तर देतात. शेजारी कोण आहे त्याप्रमाणे सूर बदलतो. साखरेतला हायड्रोजन वेगळा बोलतो, तेलातला वेगळा. कागदावर ह्या सुरांचे उंच-सखल सुळके उमटतात आणि जाणकार ते वाचतात.

मोठ्या यंत्राचा थाट मात्र राजवाड्याचा! त्याचं चुंबक उणे २६९ अंशाच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावं लागतं आणि त्याला स्वतंत्र खोली लागते. अलीकडे टेबलावर मावणारी धाकटी यंत्रं निघाली आहेत. ह्यांत साधं कायमचं चुंबक असतं, हेलियमची कटकट नाही. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत चहाच्या चमच्याचा दहावा हिस्सा नमुना घातला की पुरे. किंमत अजून लाखांच्या घरात आहे, तेव्हा दिवाळीच्या बोनसमधून घ्यायचा विचार नको!

ह्या धाकट्या यंत्रानं काय काय पकडलं ते ऐका. २०१३ साली युरोपात गाईच्या मांसाच्या नावाखाली घोड्याचं मांस विकलं गेल्याचा मोठा बोभाटा झाला. तेव्हा इंग्लंडमधल्या नॉरिच शहराच्या अन्नसंशोधकांनी मांसातली चरबी वेगळी काढून टेबलावरच्या यंत्रात घातली. दोन्ही जनावरांच्या चरबीची घडण वेगळी, त्यामुळे फरक लगेच दिसला.

पण मला खरी भावली ती त्यांची कॉफीची गोष्ट. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका महाग, रोबस्टा साधारणपणे स्वस्त. भाजून दळल्यावर डोळ्यांना काय कळणार? रोबस्टामध्ये एक खास द्रव्य असतं, भाजल्यावरही टिकतं, आणि यंत्रात त्याचा सुळका बाकीच्यांपासून सुटा उभा राहतो. अरेबिकामध्ये ते मुळीच नसतं, अशी समजूत होती. म्हणजे सुळका दिसला की दुकानदार चोर, इतकं सोपं! २०१७ मध्ये ह्या संशोधकांनी ‘शंभर टक्के अरेबिका’ लिहिलेले २७ नमुने तपासले. तेव्हा भेसळ दहा-वीस टक्क्यांहून जास्त असेल तरच यंत्राला कळत होती, आणि तेवढी कुणाच्यातच निघाली नाही.

मग त्यांनी अर्क दाट करून पाहिला. आता एक-दोन टक्के मिसळही दिसू लागली. पण त्याचबरोबर दिसलं काय, तर खात्रीच्या ठिकाणाहून आणलेल्या ३० अस्सल अरेबिका नमुन्यांतही तो सुळका, अगदी बारीकसा, होताच! जुन्या समजुतीवर विसंबून राहिले असते तर प्रामाणिक मळेवाल्यांच्या माथी चोरीचा शिक्का बसला असता. त्यांनी आधी मोजपट्टी दुरुस्त केली, अस्सल कॉफीत तो केवढा असतो ते ठरवलं, आणि मग बाजारातले ६० नमुने घेतले. त्यांत ६ नमुन्यांमध्ये तो सुळका ३ ते ३० टक्के भेसळीला शोभेल एवढा निघाला. हा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या जिन्यातल्या न्यायनिवाड्याआधी मीही दोन खात्रीचे मध शेजारी ठेवून पाहिले असते तर!

आता तुम्ही विचाराल, मधाला हे टेबलावरचं यंत्र का नाही? कारण मधाचा ऐंशी टक्के भाग साखरच. लहान चुंबकात साखरेचे सुळके एकमेकांत मिसळतात, गर्दीच्या लोकलमध्ये कुणाचा हात कुठला कळू नये तसे. म्हणून मधाच्या बारीक तपासणीला अजून मोठंच यंत्र वापरतात. ऊस आणि मक्याची साखर ओळखायची दुसरी एक चाचणी पूर्वीपासून होती. पण भेसळ करणारे हुशार, ते तांदळाच्या पाकाकडे वळले, आणि तो त्या चाचणीतून सहीसलामत सुटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रानं १३ ब्रँडचे मध जर्मनीत एनएमआरवर तपासून घेतले, तर तिथं ३ ब्रँडच उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले, तेही सांगायला हवं. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या मधाला मात्र ही चाचणी आपल्या सरकारनं सक्तीची केली होती. परदेशी गिऱ्हाइकाला एक माप आणि आपल्याला दुसरं, हे मला काही पटत नाही बाई.

मोठ्या यंत्रालाही एक मर्यादा आहे. नमुना ते आपल्या नोंदवहीतल्या अस्सल मधांशी ताडून पाहतं. आपल्या सह्याद्रीतल्या सातेरी माश्यांचा, कारवीचा, हिरड्याचा, जांभळाचा मध त्या वहीत पुरेसा नोंदलेला नसेल, तर खरा मधही परका वाटायचा. तेव्हा ‘मशीननं सांगितलं’ एवढ्यावरही लगेच टाळ्या पिटू नका. आणि कीटकनाशकासारखं अगदी कणभर असलेलं विष टेबलावरच्या यंत्राला दिसत नाही, त्याला निराळ्या चाचण्या आहेत.

तुमच्या-माझ्या हाती काय आहे? २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. अट एवढीच, की तपासणीचा विचार विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचा. पदार्थ कायद्याप्रमाणे नाही असं अहवालात निघालं तर शुल्क परत मिळतं. म्हणून पावती जपून ठेवा, आणि बाटलीवरचा बॅच नंबर बाटली धुण्याआधी टिपून घ्या. आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करता येते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनो, मध टाकू नका. झाकण सैल करून बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. बोट सहज बुडवता येईल इतपतच पाणी गरम हवं, आणि बाटली गॅसवर ठेवायची नाही. पाणी गार झालं की बदला. तास-दोन तासांत मध सुटेल. तुमच्या घरी वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मात्र चाटवू नका, मध कितीही अस्सल असला तरी. आणि त्या दारावरच्या बाई पुन्हा आल्या तर जिन्यात काही बोलण्याआधी मध कुठल्या फुलांचा आहे, कधी काढलाय, तेवढं विचारा. सासूबाईंना हा अंक वाचायला द्या.