मैलाच्या दगडाची साक्ष

रस्ते रुंद व्हावेत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. नगर-मनमाड रस्त्याने राहुरी, कोल्हारकडे ज्यांना वारंवार जावे लागले आहे, त्यांना तर हे सांगावयासच नको. आमचा आग्रह इतकाच आहे, की अशा कामाचा पहिला घाव ज्याच्यावर पडतो, तो कडेचा जुना मैलाचा दगड खडीच्या ढिगात जाऊ नये.

टोल ही अलीकडच्या ठेकेदारांची करामत आहे असा पुष्कळांचा समज दिसतो. वस्तुतः टोलवसुलीचा कायदा हिंदुस्थानात १८५१ साली झाला आणि मुंबई इलाख्यासाठी निराळा कायदा १८७५ साली आला. त्याही आधी, १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हाच तेथे टोल बसला व त्याचा मक्ता दिला गेला. (गाडीवानांची कुरकुरही तेवढीच जुनी असावी!) इंग्लंडात टोलरस्त्यांवर मैलाचे दगड उभारणे १७६७ पासून सक्तीचे होते. जो पैसे मोजतो त्याला अंतरही मोजून मिळावे, हा त्यातील न्याय. मैलाचा दगड ही रस्त्याने प्रवाशाला दिलेली पावतीच होय.

नगर जिल्ह्यात या पावतीला आणखी एक अर्थ आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात भुकेली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती; दौंड-मनमाड लोहमार्ग हेही त्याच काळाचे अपत्य. १८७८ साली आगगाडी धावू लागली आणि शेजारच्या रस्त्यावरील मालाची वाहतूक तिने ओढून नेली. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली, मैल गेले, किलोमीटर आले. दगडाचे काम संपले; साक्ष मात्र संपलेली नाही.

मुंबईने या बाबतीत धडा घालून दिला आहे. फोर्टातील सेंट थॉमस चर्चपासून अंतर सांगणारे तेथील दगड पदपथांत गाडले गेले होते. त्यांना वारशाच्या पहिल्या श्रेणीत स्थान मिळाले व कित्येक उकरून पुन्हा उभे करण्यात आले. जे मुंबईच्या गर्दीत जमले, ते सुपे, नेवासे, मिरजगावच्या मोकळ्या माळावर का जमू नये?

दगड उचलून संग्रहालयात ठेवू, असे कोणी सुचवील. ताम्रपट हलविला तरी त्यातील मजकूर खराच राहतो. मैलाचा दगड हलविला की तो खोटे बोलू लागतो. म्हणून तो जागीच राहिला पाहिजे, आणि रस्ता अंगावर येणारच असेल तर त्याच रेषेत काही हात मागे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नव्या नावाचा मान राखण्यासाठी जुनी अक्षरे तासण्याचा उत्साहही कोणी दाखवू नये.

सार्वजनिक बांधकाम खाते आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांनी कोणत्याही रुंदीकरणाची निविदा काढण्यापूर्वी त्या रस्त्यावरील दगडांची जागेसह नोंद करावी, तिची एक प्रत नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाकडे द्यावी आणि दगड सांभाळण्याची अट करारातच घालावी. यासाठी नवा निधी लागत नाही. यंत्र चालू होण्याच्या आदल्या दिवशी एका कनिष्ठ अभियंत्याने कडेने पायी फिरावे लागेल, एवढेच.