मान्य रंग, अमान्य भाषा

मागल्या दिवाळीच्या सुटींत मी नांदेडाहून लातुरास माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलों होतों. अक्काचें शिक्षण मराठी सातवीपर्यंतचें; पण चाळीस वर्षांत तिनें ज्ञानेश्वरीचें नित्य वाचन चुकविलेलें नाहीं, आणि वर्तमानपत्र तर ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचते. तिच्या सात वर्षांच्या नातवानें दुकानांतून नारिंगी गोळ्यांची पुडी आणली होती. 'मुलाचें लक्ष एका जागीं ठरत नाहीं' अशी चिठ्ठी शाळेंतून नुकतीच आलेली असल्यामुळें घरांत जो तो आपापलें निदान सांगत होता. अक्कानें पुडी हातांत घेतली, चष्मा पुसला, ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यापुढें धरून म्हणाली, "बापू, ह्यात काय काय घातलंय ते वाचून सांग की. मला ह्यातलं एक अक्षर लागंना."

मी वाचूं लागलों. तीस वर्षें इंग्रजी शिकविण्यांत घालविलेल्या मला तें वाचण्यासाठीं पुडी खिडकीशीं न्यावी लागली. अक्षरें मुंगीच्या पायाएवढीं. घटकांच्या यादीखालीं 'परवानगी असलेले कृत्रिम खाद्यरंग आहेत' अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य, आणि त्यापुढें दोन आकडे, १०२ व ११०. त्या आकड्यांचा अर्थ मलाहि त्या वेळीं ठाऊक नव्हता. सातशें वर्षांपूर्वींच्या मराठींतून रोज वाट काढणारी बाई दहा रुपयांच्या पुडीपुढें निरक्षर ठरली, आणि तिचा पदवीधर भाऊ तिच्याहून फारसा शहाणा निघाला नाहीं. हा लेख त्या लाजेंतून लिहिलेला आहे.

प्रथम त्या आकड्यांविषयीं. १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा रंग, आणि ११० म्हणजे सनसेट यलो हा नारिंगी. टार्ट्राझिन १८८४ सालीं दगडी कोळशाच्या डांबरांतून निघालेल्या रसायनशास्त्रानें जगाला दिला. आज हें सारें कुल खनिज तेलापासून बनतें. हळद घातली तर रंगाबरोबर गुण येतो, केशर घातलें तर वास येतो. ह्या रंगांनीं पदार्थाला ना चव येते, ना पोषण, ना टिकाऊपणा. त्यांचें काम एकच, मुलाचा डोळा धरणें. म्हणून त्यांच्यापासून होणारी इजा कितीहि लहान असो, तिच्या मोबदल्यांत मुलाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं, ही गोष्ट पुढील सर्व हिशेबांत ध्यानांत ठेवावयास हवी.

अशी इजा होते काय? अमेरिकेंतील बेंजामिन फाइनगोल्ड नांवाच्या वैद्यानें १९७० नंतरच्या दशकांत अन्नांतील कृत्रिम रंग व स्वाद ह्यांचा मुलांच्या चंचलतेशीं संबंध जोडला, तेव्हां पुष्कळांनीं त्याची थट्टा केली. आणि त्याचे कांहीं दावे खरोखरच पुराव्याच्या पुढें धांवणारे होते. परंतु २००७ सालीं इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठानें तीन वर्षांचीं १५३ आणि आठ-नऊ वर्षांचीं १४४ मुलें घेऊन प्रयोग केला. कोणत्या पेल्यांत रंग आहेत आणि कोणत्यांत नुसतें सरबत आहे हें मुलांना, आईबापांना वा निरीक्षकांना कळूं दिलें नव्हतें. रंगांच्या मिश्रणांबरोबर सोडियम बेंझोएट हें टिकाऊपणाचें द्रव्यहि होतें. ज्या आठवड्यांत मुलें रंगीत पेय प्यालीं त्या आठवड्यांत त्यांची चंचलता सरासरीनें वाढलेली आढळली. वाढ मोठी नव्हती. सर्व मुलांत सारखी नव्हती. दोष रंगांचा कीं बेंझोएटचा हेंहि त्यावरून सांगतां येत नाहीं. युरोपच्या अन्नसुरक्षा मंडळानें २००८ सालीं हा पुरावा मर्यादित असल्याचें स्पष्ट म्हटलें. तरीसुद्धां २० जुलै २०१० पासून त्या सहा रंगांपैकीं एकहि ज्यांत आहे अशा पदार्थांवर, मुलांच्या हालचालींवर व अवधानावर अनिष्ट परिणाम होण्याचा संभव आहे, ही सूचना छापणें युरोपांत सक्तीचें झालें. ती छापण्यापेक्षां पुष्कळ कारखानदारांनीं रंगच बदलले. पुढें २०२१ सालीं कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य-पर्यावरण विभागानें सर्व संशोधन तपासून, कांहीं मुलांच्या वर्तनावर हे रंग परिणाम करतात असा निष्कर्ष काढला. २०२४ सालीं तेथें कायदा झाला, आणि २०२७ सालच्या अखेरीपासून सरकारी शाळांच्या खाण्यांतून सहा कृत्रिम रंग जावयाचे आहेत.

येथें माझ्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींना दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मूल द्वाडपणा करतें तें खाऊमुळेंच, असें ह्यांतून निघत नाहीं. 'गोड खाल्लें कीं पोर चेकाळतें' हें तर आपल्या घराघरांतलें ब्रह्मवाक्य. पण साखरेवरील अशाच काटेकोर प्रयोगांचा १९९५ सालीं एकत्र हिशेब झाला, तेव्हां त्यास आधार सांपडला नाहीं. ज्या मुलाला अवधानाचा खरा विकार आहे त्याला वैद्य पाहिजे. गोळ्यांची पुडी फेंकून तो विकार जात नाहीं. अर्धवट ज्ञानाच्या भरांत आईच्या डोक्यावर आणखी एका अपराधाचें ओझें ठेवणें हा धर्म नव्हे.

परंतु ह्याहून मोठा प्रतिपक्ष दुसराच आहे. तो सुशिक्षित आहे, शांत आहे, आणि त्याचें सारें तर्कशास्त्र एका वाक्यांत मावतें: "सरकारनें परवानगी दिली आहे ना? मग झालें!" साउदॅम्प्टनच्या सहा रंगांपैकीं टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन व पोंसो ४आर हे चार आपल्याकडील मान्य रंगांच्या यादींत आहेत हें खरें. पण परवानगी म्हणजे निर्धोकपणाचा ताम्रपट नव्हे; ती त्या त्या दिवसापर्यंतच्या ज्ञानाची व तडजोडीची नोंद आहे. एरिथ्रोसिन हा लाल रंग पाहा. उंदरांत गांठी उत्पन्न करतो म्हणून अमेरिकेनें १९९० सालीं तो सौंदर्यप्रसाधनांतून काढला. पण खाण्यांतून त्याची परवानगी रद्द व्हावयास जानेवारी २०२५ उजाडला. म्हणजे जो रंग ओठांना लावण्यास वर्ज्य ठरला, तो पोटांत घालण्यास पुढें पस्तीस वर्षें मान्य राहिला! हें उदाहरण वर्तनाचें नाहीं, कर्करोगाच्या भीतीचें आहे. पण 'मान्य' ह्या शब्दाचें वजन किती, हें मोजण्यास तें पुरेसें आहे. हाच एरिथ्रोसिन आपल्याकडील यादींतहि आहे.

शिवाय परवानगीला मर्यादा असते. आपल्याकडे बहुतेक पदार्थांस ती किलोला १०० मिलिग्रॅम अशी आहे. ती मर्यादा पदार्थाची आहे, मुलाची नव्हे. सकाळीं रंगीत बिस्किट, दुपारीं गोळी, संध्याकाळीं सरबत आणि रात्रीं वाढदिवसाचा केक, असें एकाच पोटांत जें जमा होतें त्याची बेरीज कोणता अधिकारी करणार? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत कांहीं मुलांच्या पोटांत टार्ट्राझिन, सनसेट यलो व एरिथ्रोसिन हे रंग रोजच्या सुरक्षित प्रमाणाहून अधिक जात असल्याचें आढळलें. ती बेरीज घरांतच व्हावयास पाहिजे, आणि तिचें एकमेव साधन म्हणजे वेष्टनावरचा मजकूर.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. हा मजकूर कोणत्या भाषेंत असावा? २०२० सालच्या लेबलविषयक नियमांप्रमाणें तो इंग्रजींत अथवा देवनागरी लिपींतील हिंदींत असला म्हणजे पुरे. अन्य भाषा जोडीला घालण्यास हरकत नाहीं, पण सक्तीहि नाहीं. अर्थात् कारखानदार इंग्रजी पत्करतो. महाराष्ट्रांत दुकानावरची पाटी मराठींत असलीच पाहिजे असा २०२२ सालापासून सर्व दुकानांना कायदा आहे. त्यासाठीं व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२३ सालीं परत आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा मान दिला, तेव्हां आपण पेढे वांटले. दुकानाची पाटी मराठी, गल्ल्यावरचें बोलणें मराठी, दूरदर्शनावर मुलाला त्या गोळ्यांचा मोह घालणारें गाणें मराठी. फक्त त्या गोळ्यांत काय आहे हें सांगतांना मराठी नाहीशी होते! विकतांना आमची भाषा चालते; सांगतांना चालत नाहीं. दुकानाच्या पाटीसाठीं कंबर कसणाऱ्या पक्षांना आणि परिषदांना पुडीची पाठ अजून दिसलेली नाहीं.

ह्यावर म्हणतात, टार्ट्राझिनला मराठींत लिहून काय साधणार? तें टार्ट्राझिनच राहणार. मान्य, पण 'कृत्रिम रंग' हे दोन शब्द मराठींत लिहितां येतात, आणि युरोपांतली ती सूचनाहि मराठींत एका ओळींत मावते. दुसरें म्हणतात, इतक्या भाषा एवढ्याशा पुडीवर कशा मावणार? युरोपच्या २०११ सालच्या नियमांत, जेथें माल विकावयाचा तेथील ग्राहकाला सहज कळेल अशीच भाषा हवी, असें कलम आहे, आणि तेथील पुड्यांवर चार-चार भाषा सुखानें नांदतात. जागा कागदावर अपुरी नसते. ती मनांत अपुरी असते.

आणि ही गोष्ट आम्हां नांदेड-लातूरकरांनीं तर सर्वांआधीं मनावर घ्यावयास हवी होती. लातूर पॅटर्नचें नांव महाराष्ट्रभर झालें आहे. ह्या दोन गांवांत बाहेरगांवचीं हजारों मुलें खोल्या घेऊन राहतात; पांचवी-सहावीपासून शिकवण्या लागतात; अर्ध्या गुणासाठीं उत्तरपत्रिका पुन्हां तपासवितात. मुलाचें अवधान हाच येथील मुख्य व्यापार, म्हटलें तरी चालेल. त्या अवधानासाठीं लाखाची फी भरणारा बाप, ज्या दहा रुपयांच्या वस्तूवर 'अवधान बिघडण्याचा संभव' असें युरोपांत छापावें लागतें, ती न वाचतां मुलाच्या हातीं देतो, ह्याला काय म्हणावें? आणि जेथें वेष्टनच नाहीं तेथें तर बोलावयासच नको. माळेगांवच्या यात्रेंत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेंत मिळणाऱ्या 'म्हातारीच्या केसां'ना लेबल कोठलें? उदगीर-देगलूरपलीकडे हद्द ओलांडली कीं कर्नाटक लागतें. त्या राज्यानें मार्च २०२४ मध्यें त्या मिठाईंतील ऱ्होडामिन-बी ह्या घातक रंगावर बंदी जाहीर केली. हा रंग मान्य यादींतला नव्हेच, कापडाचा आहे. वाचतां येणाऱ्या पुडीवर जो समाज प्रश्न विचारीत नाहीं, तो उघड्या हातगाडीवर काय विचारणार?

म्हणून माझें मागणें सुशिक्षित कुटुंबांपाशीं आहे, सरकारापाशीं नंतर. १०२, १०४, ११०, १२२, १२४, १२९ आणि २११ एवढे सात आकडे घरांतील प्रत्येकास पाठ असावेत. ज्या मुलाविषयीं शंका वाटते त्याच्या खाण्यांतून ते चार आठवडे काढावेत, काय फरक पडतो तें प्रामाणिकपणें टिपून ठेवावें, आणि तें टिपण घेऊन वैद्याकडे जावें. फरक न पडला तर तेंहि मान्य करावें. शाळेंत वाढदिवसाला रंगीत गोळ्या वांटण्याऐवजीं शेंगदाण्याचा लाडू वांटल्यानें कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. आणि महाराष्ट्रांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खाद्यवस्तूवर घटकांची यादी व मुलांसंबंधींची सूचना मराठींत, वाचतां येईल एवढ्या अक्षरांत असावी, ही मागणी साहित्यसंमेलनाच्या ठरावांत एकदां तरी यावी. भाषेचा अभिमान पुडीच्या पाठीवरहि उमटला पाहिजे.

अक्काला मीं ते सात आकडे एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. तो कागद ती ज्ञानेश्वरींत खुणेसाठीं ठेवते, आणि नातवाबरोबर दुकानांत जातांना पिशवींत घेते. परवां दुकानदार तिला हंसून म्हणाला, "आजी, एवढं कोण वाचतंय?" अक्कानें मला हें फोनवर सांगितलें तेव्हां ती रागावली होती. मला त्या दुकानदाराचा राग आला नाहीं. त्याचा प्रश्न खरा होता, आणि तो तिला नव्हे, आपणां सर्वांस होता.