रात्रपाळी देता, मग अंधारही द्या

रात्रभर कामावर जागणाऱ्या माणसाला दिवसा झोपायला अंधारी खोली मिळावी, यासाठी खर्च करण्याची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्याची आहे. मी परिचारिका आहे. नोकरीचा मोठा काळ रात्रपाळ्यांत गेला आणि हे मत त्यातूनच पक्कं झालं.

सकाळी हँडओव्हर देऊन मी ठाण्याहून कल्याणला घरी पोचते, तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलेलं असतं. डोळ्यांवर ओढणी बांधायची, ग्रिलला जाड चादर अडकवायची, अशाच आम्ही सगळ्या झोपत आलो. चादरीतून उजेड झिरपतोच आणि बारा वाजायच्या आत झोप मोडते. तीच बाई रात्री पुन्हा वॉर्डात इन्शुलिनची मात्रा मोजते. तिच्या झोपेत रुग्णाची सुरक्षितताही आली.

उजेडाने झोप का मोडते, हे विज्ञानाने सांगितलं आहे. डोळ्यातल्या काही पेशी मेंदूला उजेडाची वर्दी देतात आणि मेलाटोनिन हे रात्रीचं संप्रेरक पाझरणं कमी होतं. शरीराच्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. २०१९ च्या फेरआढाव्यातही रात्रपाळी त्याच गटात राहिली. खिडकीला पडदा लावून हा धोका पुसला जातो, असा माझा दावा नाही. सलग झोप मात्र मिळते, आणि तीच आम्हाला मिळत नाही.

मी ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड बसवून घेतलं, त्याला साधारण अडीच हजार रुपये लागले. बसवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. दुकानात कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरून पाहा. उजेडाचा ठिपका दिसला तर ते कापड घेऊ नका. आणि ब्लाइंड चौकटीच्या आत बसवू नका, दोन्ही कडांना फट राहते. चौकटीच्या वर भिंतीवर बसवा आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त रुंदी घ्या. बाहेरची बाजू पांढरी असली तर ऊन थोडं परतवलं जातं. घरात लहान मूल असेल तर ओढायची साखळी भिंतीला क्लिपने घट्ट बसवाच. लोंबणारी साखळी मुलाच्या गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो.

आता मुद्दा पैशांचा. घरातली खिडकी ही ज्याची त्याची खासगी बाब, असं व्यवस्थापनाकडून ऐकायला मिळतं. पण गणवेश आम्ही घरीच धुतो आणि अनेक ठिकाणी त्यासाठी धुलाई भत्ता मिळतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांना दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था करण्याची अट घातली. कामामुळे उद्भवणारी गरज घरापर्यंत पोचते, हे आपण मान्य केलेलंच आहे. मग दारापर्यंत सोडलेल्या बाईची झोपही मान्य करा.

ही गरज एकट्या परिचारिकांची नाही. लोको पायलट, पोलीस, सुरक्षारक्षक, कॉल सेंटरमधली मुलं, तुमच्या हातातला हा अंक रात्री छापणारे कामगार, सगळे दिवसाच झोपतात. सुरक्षारक्षकाच्या तुटपुंज्या पगारात अडीच हजार कुठून निघणार? त्याचं घर एका खोलीचं असतं. तिथे अंधार केला की मुलांचा अभ्यास आणि घरातली कामं अडतात. अशांसाठी कामाच्या ठिकाणीच अंधारी, हवेशीर विश्रांतीची खोली हवी.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. नर्सिंग हॉस्टेल आणि कर्मचारी वसाहतींतल्या झोपायच्या खोल्यांना मालकाच्या खर्चाने ब्लॅकआउट पडदे बसवावेत. नियमित रात्रपाळी करणाऱ्याला घरच्या एका खिडकीचा खर्च मिळावा. आणि भाड्याच्या घरात भिंतीला चार भोकं पाडायला घरमालकांनी अडवू नये. कामगार संघटनांनी रात्रपाळीच्या भत्त्याइतक्याच जोराने हे मांडावं. आमच्या मागणीपत्रात ते यावं, यासाठी मी माझ्या संघटनेत बोलायला सुरुवात केली आहे.